सिरप दिलं नाही तर खोकला छातीत उतरतो?

“काहीतरी औषध द्या हो, नाहीतर खोकला छातीत उतरेल.” लहान मुलांच्या दवाखान्यात हे वाक्य पावसाळाभर आणि थंडीभर ऐकू येतं. आजी म्हणते, आई म्हणते, चांगले शिकलेसवरलेले बाबाही म्हणतात. डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं नाही, तर दुसरा दवाखाना गाठतात किंवा मेडिकलवाल्याला विचारून बाटली घरी आणतात.

खोकला छातीत उतरत नाही. सर्दीच्या विषाणूंमुळे नाकात शेंबूड वाढतो. मूल आडवं झालं की तो मागून घशात ओघळतो. तो श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून मूल खोकतं, म्हणूनच रात्री खोकला वाढतो. न्यूमोनिया होतो तो जंतू फुप्फुसात पोहोचल्यामुळे, आणि जंतूंना सिरप अडवत नाही. मग त्या बाटलीत असतं काय? लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. अनेकदा क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन, कधी डेक्स्ट्रोमेथॉर्फन. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. “सिरप दिलं आणि शांत झोपला” म्हणतात, ती हीच गुंगी. त्याने सर्दी एक दिवसही लवकर जात नाही.

क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापा, हे देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. तरी २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यातल्या अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. त्यांना दिलेल्या, हेच मिश्रण असलेल्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये तमिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का! याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले होते, चौकशीला लेंटिन आयोगही बसला होता. भेसळीचा दोष आईबापांचा मुळीच नाही. पण साध्या सर्दी-खोकल्याला त्या बाटलीची गरजच नव्हती, ही गोष्ट मन पोखरते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोतच, पाच वर्षांखालीही सहसा नकोत.

“पण आठवडा झाला, अजून खोकतोय!” खोकेलच. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१३ साली आलेल्या आढाव्यानुसार निम्म्या मुलांचा खोकला दहा दिवसांत थांबतो, दहातल्या नऊ जणांचा थांबायला पंचवीस दिवस लागतात. तोवर कोमट पाणी, चोंदलेल्या नाकात सलाइनचे थेंब, आणि वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना चमचाभर मध पुरतो.

काळजी खोकल्याच्या आवाजाची करू नका, श्वासाची करा. मूल शांत असताना सदरा वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांपर्यंत साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा त्याहून जास्त श्वास भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, किंवा मूल पीत नसेल, तर रात्र असली तरी निघा.

आणखी काही समज. अँटिबायोटिकने सर्दी लवकर जाते: नाही, ते विषाणूंवर चालतच नाही. मागचं उरलेलं सिरप चालेल: पाणी घालून बनवलेलं अँटिबायोटिक थोडेच दिवस टिकतं, आणि धाकट्याच्या आजाराला थोरल्याचं औषध कशाला? घरगुती ते निर्धोक: वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात.

तापाचं औषध “एक चमचा” द्यायचं, हा शेवटचा समज. पॅरासिटॅमॉल वजनावर ठरतं, किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. पाच मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते सव्वासहा मिली होतं, २५० वालीतून फक्त तीन. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी असतात, म्हणून घरातला चमचा बाजूला ठेवा आणि मापाच्या सिरिंजनेच द्या.