काड्यांचा पूल मोडतो तेव्हा

इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष : लेखांक 5

मागच्या आठवड्यात आपण ड्रॉइंगच्या शीटवर होतो. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी पाहायची, हे त्या शीटने शिकवलं. या आठवड्यात ड्राफ्टर बाजूला ठेवून फेव्हिकॉलची बाटली उघडू. पहिल्या वर्षाच्या मुलांना पुष्कळ कॉलेजांत हे काम मिळतं : आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल. घरी पाहणाऱ्यांना तो शाळेतल्या हस्तकलेसारखा वाटतो. मी अनेक वर्षं हे काम मुलांना देत आलो आहे, आणि पहिल्या वर्षात डिझाइन शिकवणारं याहून चांगलं काम मला सापडलेलं नाही.

आमचे नियम चार ओळींत मावतात. चार जणांचा गट. काड्या जास्तीत जास्त 100. दोन टेबलांमधलं अंतर 40 सेंटिमीटर. पुलाच्या मधोमध हुक, हुकाला बादली, आणि पूल मोडेपर्यंत बादलीत वाळू. गुण मात्र नुसत्या वजनावर मिळत नाहीत. पुलाने पेललेल्या वजनाला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागायचं. समजा, एका गटाचा पूल 150 ग्रॅमचा आहे आणि त्याने 30 किलो पेलले, तर भागाकार 200 येतो. दुसऱ्याचा पूल 300 ग्रॅमचा, त्याने 45 किलो पेलले, तर भागाकार 150. जास्त वजन दुसऱ्याने उचललं, पण डिझाइन पहिल्याचं सरस. फळीवर फळी चिकटवून पूल भक्कम करणं कोणालाही जमतं. कमीत कमी सामानात तो पुरेसा भक्कम करणं, याला डिझाइन म्हणतात.

बहुतेक गट सुरुवातीला चौकोन जोडतात, कारण डोळ्यांना चौकोन नीटनेटका वाटतो. मग मी त्यांना पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि चार टाचण्या देतो. पट्ट्यांचा चौकोन करून एका कोपऱ्यावर बोट दाबलं की तो लगेच तिरपा होऊन आडवा पडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. कौलारू घराच्या छपराखाली सुतार जी कैची बसवतो, ती त्रिकोणांची असते ती यामुळेच. रेल्वेच्या लोखंडी पुलावरून गाडी जाताना खिडकीसमोरून सरकणारे त्रिकोणही याच कुळातले.

त्रिकोण कळला की पुढचा प्रश्न येतो : कुठली काडी दाबली जाते आणि कुठली ताणली जाते? मधोमध वजन टांगलं की पुलाची वरची बाजू दाबाखाली येते आणि खालची ताणाखाली. मुलांना वाटतं, काडी ती काडी, दाबा नाहीतर ताणा. खरा धडा इथेच आहे. प्लास्टिकची 30 सेंटिमीटरची पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढून पाहा. हात दुखतील, पट्टीला काही होणार नाही. आता तीच पट्टी दोन तळव्यांमध्ये उभी धरून दाबा. थोड्याशा जोराने ती धनुष्यासारखी बाजूला वाकेल. ती चिरडली गेली नाही, तिने फक्त वाट सोडली. याला बकलिंग म्हणतात. लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच त्याचं सूत्र मांडलं. दाबाखालच्या काडीची लांबी निम्मी केली, तर ती वाकण्याआधी चौपट वजन घेते.

ही चौपट काही फुकट मिळत नाही, पण स्वस्तात मिळते. वरच्या लांब काडीला मध्यावर एक छोटी आडवी काडी अडकवली, तर त्या बाजूला वाकताना काडीची मोकळी लांबी निम्मी होते. जाडीचा हिशेब तर आणखी मजेदार आहे. दोन काड्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या, तर वाकायला होणारा विरोध दुप्पट होतो. त्याच दोन काड्या पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून एकजीव केल्या, तर तो आठपट होतो, कारण हा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. लाकूड तेवढंच, फरक फक्त गोंदाचा. हे सूत्र फळ्यावर उतरवून घेणारी मुलं परीक्षेनंतर ते विसरतात. ज्याने एकदा चिकटवलेली जोडकाडी हाताने वाकवून पाहिली, तो सहसा विसरत नाही.

गोंदाची गोष्ट निघालीच आहे. काडीच्या टोकाला टोक भिडवून चिकटवलं, तर गोंदाला धरायला जागाच उरत नाही. एका काडीवर दुसरी दोन-तीन सेंटिमीटर चढवून चिकटवली, की तोच गोंद नेटाने धरतो. पण घाई त्याला चालत नाही. ज्या गटाने आदल्या रात्री पूल जोडला, त्यांचे सांधे सकाळी ओलेच असतात. अनुभवी मुलं दोन दिवस आधी जोडतात आणि प्रत्येक सांध्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवतात. हॉस्टेलच्या खोलीत चिमट्यांनी भरलेला पूल दिसला, की या गटाला काम कळलंय हे मी ओळखतो.

चाचणीच्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नसते. गेल्या वर्षीची एक चाचणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पूल देखणा होता, त्रिकोण काटेकोर, सांधे कोरडे. प्रयोगशाळेतले शिपाईमामा भांड्याने वाळू ओतत होते आणि मुलं मोजत होती. बावीस किलोला काहीच आवाज आला नाही. मग गटातली एक मुलगी एकदम वाकून म्हणाली, "सर, वरची काडी बाजूला सरकतेय." आणखी एक भांडं पडलं आणि अख्खा पूल शांतपणे एका कुशीवर लवंडला. बादली खाली आदळली. मुलांनी धावत जाऊन तुकडे उचलले, तर तुकडे नव्हतेच. एकही काडी मोडली नव्हती. पुलाच्या दोन उभ्या बाजू आपापल्या परीने भक्कम होत्या, पण त्यांना वरून एकमेकींशी बांधणारे तिरपे आडणे गटाने वजन वाचवायला गाळले होते. वरची बाजू दाबाखाली आली आणि तिला जिकडे अडवणारं कोणी नव्हतं, तिकडे ती निघून गेली.

गट हिरमुसला. मी त्यांना सांगितलं, "आज वर्गात सगळ्यात जास्त तुम्ही शिकलात. आता हे लिहून काढा." त्या मुलीचं वाक्य जर्नलमध्ये वेळेसकट, किलोसकट आलं पाहिजे, असा माझा आग्रह होता. तो आग्रह कशासाठी, हे सांगायला कॅनडाला जावं लागेल.

क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर एक प्रचंड लोखंडी पूल उभा राहत होता. त्याचा मधला गाळा आधी 1600 फुटांचा ठरला होता, नंतर तो 1800 फूट केला गेला. गाळा वाढला की पुलाचं स्वतःचं वजनही वाढतं. पण ते वाढलेलं वजन हिशेबात वेळेवर आणि नीट घेतलं गेलं नाही. 1907 च्या उन्हाळ्यात दाबाखालच्या काही लोखंडी भागांना बाक आल्याचं जागेवरच्या इंजिनीअरांना दिसलं. त्यांनी ते मोजलं आणि कळवलंही. एक तरुण इंजिनीअर ते सांगायला न्यूयॉर्कला थिओडोर कूपर या सल्लागार इंजिनीअरकडे गेला. पुलावर आणखी वजन चढवू नका, अशी तार कूपरने केली. पण काम थांबलं नाही. 29 ऑगस्टच्या संध्याकाळी कामगार घरी निघण्याच्या बेतात असताना पुलाचा दक्षिणेकडचा भाग नदीत कोसळला. पुलावर 86 माणसं होती, त्यांपैकी 75 मेली. त्यांत 33 जण काहनावाके वस्तीतले मोहॉक लोहकामगार होते. चौकशी आयोगाने कारण सांगितलं ते दाबाखालच्या भागांचं. चार पोलादी पट्ट्यांना एकत्र बांधणारी जाळी कमी पडली आणि तो भाग बकल झाला.

आमच्या बादलीखाली कोणी उभं नसतं, म्हणून तिथे वाळू ओतत राहणं बरोबर. खऱ्या पुलावर पहिला बाक दिसला की हात थांबायला हवा, आणि कोणीतरी थांबवलं तर त्याचं ऐकायला हवं. काड्यांचा पूल मुलांना बकलिंगचं सूत्र शिकवतोच, पण त्याआधी तो डोळ्यांना वळण लावतो. काडी सरकतेय हे पाहणारी मुलगी पुढे साइटवर उभी राहील, तेव्हा तिला बाक दिसेल आणि तो मोठ्याने सांगायची सवयही असेल.

म्हणूनच दुकानात विकत मिळणाऱ्या तयार मॉडेलचा मला मनापासून राग येतो. सबमिशनच्या आठवड्यात पैसे मोजले की चकचकीत पूल मिळतो, सीनियरच्या जर्नलवरून चार पानं उतरली जातात आणि टर्मवर्कवर सही होते. त्या मुलाचा पूल कधीच मोडत नाही, म्हणून त्याला काही कळतही नाही. यात दोष एकट्या मुलाचा नाही. फक्त किती किलो पेलले यावर गुण दिले, तर मूल किलो विकत आणणारच. आपण शिक्षकांनी निम्मे गुण तरी एका पानाला ठेवले पाहिजेत : पूल कुठून गेला, कसा गेला, आणि पुन्हा बांधायचा तर काय बदलाल.

आणि पालकांनो, तुमचं मूल रात्री उशिरापर्यंत काड्या चिकटवत बसलं, तर अभ्यास सोडून खेळतोय असं म्हणू नका. अभ्यासच चाललाय. दुसऱ्या दिवशी ते मोडका पूल घेऊन घरी आलं, तर तो केरात टाकू नका. त्याला शेजारी बसवून एवढंच विचारा : कुठली काडी आधी वाकली?