शहराची गाडी घाटात

टाटा नॅनोला नावं ठेवणं सोपं आहे. सिंगूरचं आंदोलन, पेटलेल्या गाड्यांच्या बातम्या, ‘लाखाची गाडी’ हा शिक्का आणि अखेर साणंदमध्ये थांबलेलं उत्पादन एवढं सांगितलं की गोष्ट संपते. वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकणाऱ्या त्या कारखान्याच्या नॅनो सर्वांत चांगल्या वर्षातही, २०११-१२ मध्ये, पाऊण लाखाच्या आतच खपल्या. पण गाडी म्हणून ती कशी होती, हे या हिशेबातून कळत नाही. माझं मत असं, की पुण्यातल्या अभियंत्यांनी शहरात चालवायची गाडी उत्तम बनवली होती. ती विकली गेली मात्र कुटुंबाची एकुलती एक गाडी म्हणून. तिच्यातल्या बऱ्याच उणिवा बोचल्या त्या यामुळे.

आधी जमलेलं पाहू. लांबी जेमतेम ३.१ मीटर, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही वीतभर कमी. तरी आतली जागा एकवीस टक्के जास्त असल्याचा कंपनीचा दावा होता. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली गेलं, चाकं चार कोपऱ्यांत सरकली, छत उंच झालं, आणि वाचलेली सगळी जागा माणसांना मिळाली. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवायची नसल्याने ती जास्त वळू शकत. चार मीटरच्या त्रिज्येत फिरणारी ही गाडी सदाशिव पेठेतल्या बोळातही अडून बसायची नाही. वजन सहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे पस्तीसेक अश्वशक्ती सिग्नल ते सिग्नल पुरायची.

आता हीच गाडी गणपतीला चार माणसं आणि बॅगा घेऊन कशेडी घाटात काढा. पाठीमागे दार असावं असा भास होतो, पण ते उघडतच नाही. सामान ठेवायचं तर गाडीत शिरून मागच्या सीटची पाठ पुढे पाडायची, म्हणजे तिथे बसणाऱ्यांनी कुठे जायचं हा प्रश्न. पेट्रोलची टाकी पंधरा लिटरची, आणि ती भरायला पुढचं बॉनेट उघडायचं. (पंपावरच्या नव्या पोऱ्याची त्यावर हमखास फजिती होत असणार.) मागचं दार उघडू लागलं ते २०१५ मध्ये, तोवर ग्राहकाचं मत बनून गेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, मारुती ८०० तरी कुठे बलवान होती? ताकद जवळपास तेवढीच, आणि तिने अख्ख्या पिढीला कोकणात नेलं. आक्षेप खरा आहे. पण १९८३ मध्ये तिच्यासमोर अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी होत्या. नॅनोसमोर २००९ मध्ये खुद्द ८०० उभी होती, शिवाय अल्टो आणि जुन्या गाड्यांचा बाजार. एकच गाडी घेऊ शकणारा माणूस सगळ्या कामांना पुरेल अशीच घेतो, आणि स्वस्ताईची जाहिरात ऐकून तो आणखीच बिचकला. ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाने नुकसान केलं, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं.

सुरक्षेचा आक्षेप मात्र वापर बदलून मिटत नाही. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. त्याच फेरीत अल्टो ८००, आय१०, फिगो आणि पोलोच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांनाही शून्यच मिळालं, एवढं नॅनोच्या बाजूने म्हणता येईल. दुचाकीवरच्या चौघांपेक्षा ती बरी होती, हेही खरं. पण शहरातल्या रिंगरोडवरही ट्रक असतातच, आणि गाडीची तुलना गाडीशीच करायला हवी.

नॅनोचा आराखडा वाया गेला नाही, हे २०२३ मध्ये आलेल्या एमजी कॉमेटकडे पाहिलं की पटतं. तीन मीटरच्या आत लांबी, बारा इंची चाकं, मागे मोटर, चार सीट, आणि सगळे बसले तर बॅगेला जागा नाही. फरक असा, की ही विजेची गाडी कुणी घाटासाठी घेत नाही. सुरुवातीची किंमत होती आठ लाखांच्या जवळ. तेवढ्यात स्विफ्ट आली असती. म्हणजे कॉमेट परवडते ती ज्याच्या दारात गावी जायला दुसरी गाडी आहे त्याला, आणि नॅनो ज्याच्यासाठी काढली त्याच्याकडे तर पहिलीही नव्हती.