अंगठ्याची बँक

सातारा जिल्ह्यातला माण तालुका पिढ्यान् पिढ्या दुष्काळी. पाऊस सह्याद्रीवरच रिता होतो, इथे येईस्तोवर ढगांत काही उरत नाही. या तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी काढलेली आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळालेली ही देशातली पहिली बँक.

मुळातली गरज अगदी साधी होती. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरावर प्लास्टिक टाकायचं होतं, म्हणून रोज थोडे पैसे बाजूला ठेवायचे होते. इतक्या बारीक रकमेचं खातं उघडायला कोणी तयार होईना. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत घडलेल्या आणि लग्नानंतर मुंबईहून म्हसवडला आलेल्या चेतना गाला सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर प्रवर्तक बायका निरक्षर, कागदावर सह्यांच्या जागी अंगठे. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात उभ्या राहिल्या. कुठल्याही मुद्दलाचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच करायला सांगा, असं त्यांनी थेट आव्हान दिलं. परवाना मिळाला.

पुढची अडचण पासबुकाची. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. पासबुक घरी ठेवलं तर नवऱ्याच्या हाती लागतं, मग शिल्लक कळते आणि मागणी सुरू होते. म्हणून बँकेची माणसं दारोदारी आणि बाजारात जाऊ लागली. पुढे यंत्र आणि कार्ड आलं, तेव्हा बायकांनी पिन नाकारला, कारण आकडा कोणीही चोरू शकतो. त्यांना अंगठाच हवा होता. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच आता त्यांच्या पैशाचं कुलूप झाला. ग्राहकाचं ऐकणं म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला सकाळी माल उचलायला पैसे लागतात. सावकार ते देतो आणि संध्याकाळी जबर व्याजासकट वसूल करतो. माणदेशीने अशा बायकांसाठी बाजाराच्या चालीने फिरणारं कॅश क्रेडिट सुरू केलं. २०१२च्या दुष्काळात एक शेतकरी बाई चाऱ्यासाठी दागिने गहाण ठेवायला बँकेत आली, तेव्हा कर्ज देऊन हा प्रश्न सुटणार नाही हे ध्यानात आलं. म्हसवडला चारा छावणी उभी राहिली आणि दीडेक वर्ष चालली. हजारो जनावरं घेऊन माणसं तिथेच मुक्कामाला होती.

बँकेपलीकडेही बायका-मुलांसाठी बरंच घडलं. २००६ साली बायकांची उद्योगशाळा निघाली, ती बसमध्ये बसून गावोगाव फिरते. २००८ साली सामुदायिक रेडिओ आला. शाळा लांब असलेल्या मुलींना सायकली मिळाल्या. धावण्याची आवड असलेल्या पोरांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर याच माणची. इथल्या मातीत धावणारी पोरं आहेत. त्यांना मैदान आणि खुराक मिळायला हवा, एवढंच.

उज्जैनच्या माधवनगरात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फ्रीगंजमध्ये, बँकांच्या पाट्या वाचत चालताना मला म्हसवड आठवतं. इथे २०२८ साली सिंहस्थ कुंभमेळा आहे. हार, प्रसाद, चहा, खेळणी विकणारे किती हात त्या दिवसांत क्षिप्रेकाठी राबतील! २०२०पासून फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आहे, तिचं पहिलं कर्ज सुरुवातीला १०,००० रुपयांपर्यंत मिळत असे. पण मेळ्यातल्या फुलवालीला महिन्याच्या हप्त्याइतकीच सकाळच्या मालाची चिंता असते, आणि तिच्या पहाटेला कुठलीच शाखा उघडी नसते. प्रशिक्षणाची सोयही आहे. १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा बँकेच्या साथीने सुरू केलेल्या संस्थेच्या धर्तीवर आज देशभरातल्या जिल्ह्यांत बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालतात. शिक्षण फुकट, राहणं-जेवणही फुकट, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. माझ्या मते खरा गाभा या पाठपुराव्यात आहे. शिवणयंत्र किंवा दुरुस्तीचं दुकान पहिल्या सहा महिन्यांतच डळमळतं, तेव्हा कोणीतरी येऊन विचारपूस करायला हवी.

ती विचारपूस करायची कोणी? बँकेच्याच माणसाने. ते माणूस मात्र दूरच्या राज्यातून बदलून आलेलं, घरचे गावी, टार्गेटचा फोन रात्रीही वाजतो. सप्टेंबर २०१५पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला, पाच दिवसांच्या आठवड्याची मागणीही जोरात आहे. माणदेशीला या बाबतीत एक मोठा आधार आहे: तिची बरीच माणसं त्याच पंचक्रोशीतली, खातेदार बाई त्यांची शेजारीण. सरकारी बँकेला हे जसंच्या तसं जमणार नाही. तरी सिंहस्थाच्या काळात इथली बोली जाणणाऱ्या तरुण-तरुणींना हंगामी बँक मित्र म्हणून घाटावर बसवता येईल, आणि शाखेतल्या कर्मचाऱ्यांना आळीपाळीने रजा मिळेल असं वेळापत्रक आत्ताच आखता येईल. २०२८ काही लांब नाही.