सगळीच देवळं हेमाडपंती कशी?

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं आणि ते कधीचं म्हणून पारावर विचारलं, की उत्तर बहुधा तयार असतं: "हेमाडपंती आहे." पारावर एखादे आजोबा बसलेले असतील तर ते आणखी मागे जातात. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, तेवढ्यात कोंबडा आरवला, म्हणून कळस राहून गेला. माहूरच्या लेण्यांना तर लोक पांडवलेणी म्हणूनच ओळखतात. पांडवांची गोष्ट निदान गोष्ट म्हणून सांगितली जाते. हेमाडपंताचं नाव मात्र शाळेच्या सहलीच्या वहीपासून देवस्थानाच्या माहितीफलकापर्यंत इतिहास म्हणून छापलं जातं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव यादव 1261 मध्ये गादीवर आला, त्याच्यानंतर 1271 पासून रामचंद्र. या दोघांच्या कारकिर्दीत हेमाद्रीचा अंमल चालला. म्हणजे हा तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता अंबरनाथच्या शिवमंदिराकडे पाहा. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे साल आहे. हेमाद्री सत्तेवर येण्याच्या दोनशे वर्षं आधीचं हे मंदिर, तरीही त्याला हेमाडपंती म्हणणारे कमी नाहीत. चुन्याशिवाय, दगडाला दगड अडकवून केलेलं बांधकाम ही या शैलीची खूण सांगितली जाते. पण चुना न वापरता चिरे बसवण्याची रीत दख्खनमध्ये यादवांच्या कितीतरी आधीपासून होती. एवढ्या एका खुणेवर काळ ठरवायचा म्हटलं तर पाच-सहा शतकांचं काम एकाच माणसाच्या खात्यावर जमा होईल. तसं ते झालंही आहे.

मराठवाड्याच्या या दक्षिण टोकाला तर हा शिक्का फारच चुकीचा पडतो. देगलूर तालुक्यातल्या तडखेलचा शिलालेख घ्या. तो इ.स. 1047 चा, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर पहिला याच्या काळातला. नागवर्मा या त्याच्या दंडनायकाचे पराक्रम त्यात वर्णिले आहेत. कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण; लातूरकरांना ते जवळचं. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे दोनशे वर्षं हा प्रदेश त्या राजधानीच्या छायेत होता. नांदेड जिल्ह्यातले असे लेख श्रीनिवास रित्ती आणि ग. चं. शेळके यांनी एकत्र केले आणि नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने 1968 मध्ये ते ग्रंथरूपात प्रसिद्ध केले. त्यातले बरेच लेख कन्नड भाषेत आहेत. आज अस्सल मराठी बोलणाऱ्या गावातल्या देवळाच्या आवारात कन्नड अक्षरं पाहून काहींना अवघडल्यासारखं होतं, काहींना वादाचा मुद्दा मिळतो. खरं तर यात अवघडण्यासारखं काही नाही. राज्यांच्या आजच्या सीमा 1956 आणि 1960 च्या. अकराव्या शतकातल्या कारागिराला त्यांची खबर असण्याचं कारण नव्हतं.

याच तालुक्यातलं होट्टल हे गाव या चर्चेचं उत्तम उदाहरण आहे. तिथल्या सिद्धेश्वर मंदिराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी, जोत्याचे थर, कातलेल्यासारखे गोल कडे असलेले खांब हे सारं चालुक्य घडणीचं आहे. मोडकळीस आलेल्या या मंदिराची अलीकडे पुनर्बांधणी झाली, गावाच्या नावाने महोत्सवही भरतो. निलंग्याच्या नीलकंठेश्वराबाबत मात्र इतकं ठामपणे बोलता येत नाही. बाराव्या शतकाचा शेवट की तेराव्याची सुरुवात, उत्तर चालुक्य की यादव, असा प्रश्न तिथे रास्तपणे उभा राहतो. राजवट बदलली म्हणून पाथरवट दुसऱ्या दिवशी छिन्नी बदलत नाही. घराणी फलकावर एका ओळीत बदलतात. कारागिरांच्या पिढ्या तशा बदलत नाहीत.

मग काळ ठरवायचा कसा? दगडाची प्रयोगशाळेत तपासणी का करत नाहीत, असा प्रश्न हटकून येतो. करता येते, पण तिचं उत्तर कामाचं नसतं. दख्खनचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला. तपासणी खडकाचं वय सांगेल, तो कोणी कधी घडवला हे नाही. कार्बन पद्धतीला एके काळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं: कोळसा, लाकूड, चुन्यात मिसळलेला भुसा. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचंही हेच झालं. सतराव्या शतकात इनिगो जोन्स या वास्तुविशारदाने ते रोमन मंदिर ठरवलं होतं. 1950 च्या सुमारास तिथल्या एका खड्ड्यातला कोळसा तपासला गेला, तेव्हा ते रोमनांच्याही कितीतरी आधीचं निघालं. निवाडा दगडाने दिला नाही, शेजारच्या कोळशाने दिला. आपल्याकडे मात्र जीर्णोद्धाराच्या वेळी जेसीबीने आवार सपाट केलं, की असा पुरावा ट्रॉलीत भरून नाल्यात जातो.

उरतात दोन वाटा: लेख आणि घडण. लेख हा सगळ्यांत भरवशाचा, पण तोही सावधपणे वाचावा लागतो. बहुतेक लेख दानाचे असतात. अमुक राजाच्या काळी देवाला अमुक जमीन दिली, असं त्यात असतं. म्हणजे देऊळ त्या तारखेला उभं होतं, एवढं सिद्ध होतं. ते त्याच वर्षी बांधलं असं नाही. शिवाय कोरीव दगड हलतो. पडक्या देवळाचा चिरा बारवेत, बारवेचा वेशीत, वेशीचा एखाद्या वाड्याच्या पायरीत जातो. लातूरच्या पापविनाश मंदिरातला लेख सोमेश्वर तिसरा याच्या काळचा, बाराव्या शतकातला. त्यात लातुरात पाचशे विद्वान राहत असल्याचा उल्लेख येतो. शहराच्या इतिहासाला तो सोन्यासारखा पुरावा आहे. आजच्या मंदिराचा प्रत्येक चिरा त्याच वर्षीचा मानण्याचा परवाना मात्र तो देत नाही.

लातूरचंच नाव आणखी एका जुन्या वादात अडकलं होतं. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. हे लट्टलूर कोणतं? जॉन फ्लीट या अभ्यासकाने आधी थेट छत्तीसगडच्या बाजूचं रतनपूर सुचवलं आणि पुढे लातूर मान्य केलं. अनंत सदाशिव आळतेकरांनी 1934 च्या आपल्या ग्रंथात लातूरच धरलं, आणि आज तेच सर्वसाधारणपणे मानलं जातं.

औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यांच्या काळाचा प्रश्न अधिक नाजूक. ही लेणी जांभ्या दगडातली. वेरूळच्या बेसाल्टसारखी धार या दगडात टिकत नाही; मूर्ती झिजून नुसते उंचवटे उरले आहेत. शंकर, नरसिंह, रामायण-महाभारतातले प्रसंग ओळखू येतात, पण चेहरा, दागिने, वस्त्राची चुणी हे तारीख सांगणारे तपशील पुसट झालेत. लेण्यांना सर्रास सहाव्या शतकातली, 'गुप्तकालीन' म्हटलं जातं. गुप्तांचं राज्य इथे कधीच नव्हतं. इथे सत्ता होती वाकाटकांची, त्यांच्या वाशीमच्या शाखेची. त्या शाखेच्या विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशीम ताम्रपटात नंदिकट म्हणजे नांदेडचा उल्लेखही आहे. त्यांच्यानंतर चालुक्य आणि राष्ट्रकूट आले. शिल्पपटांचे विषय वेरूळच्या शैव-वैष्णव लेण्यांशी जुळतात, त्यामुळे काही काम पुढच्या शतकांतलं असण्याची शक्यता दारातच उभी राहते. एका डोंगरात सगळी लेणी एकाच दमात खोदली, असं धरणंच मुळात धोक्याचं.

कंधारला हा गुंता सगळ्यात ठळक दिसतो. किल्ला राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याने बांधला, असं सांगतात. कृष्णाचा काळ 939 ते 967. कंधार ही तेव्हाची मोठी नगरी, याविषयी वाद नाही. तिथल्या खंडित लेखात जगत्तुंग समुद्राचा, म्हणजे मोठ्या तलावाचा उल्लेख आहे. जवळच मानसपुरीला क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे पडलेले आहेत. पण आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो खंदक, दुहेरी तट आणि तोफांसाठी केलेले रुंद बुरूज तिसऱ्या कृष्णाचे असूच शकत नाहीत. दख्खनमध्ये तोफा आल्या त्या बहामनी काळात, पंधराव्या शतकात. किल्ल्यातले अरबी-फारसी लेखही नंतरच्या राजवटींची साक्ष देतात. तेव्हा कंधारची जागा राष्ट्रकूटांची आणि तट सुलतानांचा, हा निवाडा बराचसा खरा. त्यातलं एकच अर्ध सांगणारे दोन्ही बाजूंना आहेत, आणि दोघेही आपापल्या सोयीने सांगतात.

आपलं देऊळ हजार-दोन हजार वर्षांचं म्हटलं की गावाला अभिमान वाटतो. त्यात गैर काही नाही. पण नऊशे वर्षांच्या देवळाला हेमाडपंती म्हणणारा नकळत त्याचं वय दीड-दोनशे वर्षांनी कमी करतो, आणि चालुक्यांच्या कारागिरांचं श्रेय एका मंत्र्याला देतो. फलकावर 'हेमाडपंती' ऐवजी 'चालुक्यकालीन' किंवा नुसतं 'अकरावं-बारावं शतक' लिहायला खर्च काहीच येत नाही.

त्याआधी पुरावा तर उरला पाहिजे. देवळाच्या ओट्याला, बारवेच्या पायरीला किंवा वेशीत बसवलेल्या चिऱ्यावर अक्षरं दिसली, तर त्यावर ऑइलपेंट मारू नका, सँडब्लास्टिंग करू नका, शेंदराचे थर चढवू नका. जीर्णोद्धार निघाला तर जुने दगड फोडण्याआधी एकेकाचे फोटो काढा, कोणता दगड कुठे होता ते लिहून ठेवा. राज्य पुरातत्त्व विभागाचं विभागीय कार्यालय नांदेडलाच आहे. गावाचं नाव आणि फोटो तिथे पोचवा. लेखाचा ठसा घेण्याचं काम जाणकारांचं, पण रंगाचा डबा बाजूला ठेवण्याचं काम गावाचं आहे.