धावायला काय शिकायचे?

पोहायला शिकावे लागते, सायकलही शिकावी लागते. धावायला मात्र कोणी शिकवत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल चालता चालता पळू लागते आणि आपण धरून चालतो की ते शिकले. शाळेच्या मैदानावरही आपण शिट्टी वाजवतो, वेळ मोजतो, क्रमांक काढतो; कोण कसे धावते हे क्वचितच पाहतो. मधल्या सुट्टीतल्या पळापळीत त्याने काही बिघडत नाही. पण पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटर धावण्याच्या चाचणीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर सराव करणारी मुलेमुली पाहा. काही आठवड्यांतच कोणाची नडगी ठणकू लागते, तर कोणाच्या गुडघ्याची वाटी. मग काही दिवस विश्रांती, पुन्हा सराव, पुन्हा दुखणे. शेवटी काहीजण धावणेच सोडतात. धावण्याची पद्धत बदलून हे टाळता येईल का?

पाऊल टेकते तेव्हा

चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो. धावताना काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळे शरीर एका पायावर उतरते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाय जमिनीला जितक्या जोराने दाबतो, तितक्याच जोराने जमीन पायाला वर ढकलते. बेताच्या वेगाने धावताना हे बल शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट होते. म्हणजे ४० किलोच्या मुलाच्या पायावर प्रत्येक पावलाला १०० किलोइतका भार येतो. एक पाऊल एक मीटरचे धरले, तर १६०० मीटरमध्ये प्रत्येक पायाला असा भार ८०० वेळा सोसावा लागतो.

हा भार वाईटच असतो असे नाही. हाडे, स्नायू आणि कंडरा भारामुळेच बळकट होतात. पण हाडाची जुनी पेशीरचना झिजून नवी भरून येण्यास आठवडे, कधी महिने लागतात. भरून येण्याच्या वेगापेक्षा झीज वेगाने झाली की दुखापत होते. ती बहुधा एखाद्या चुकीच्या पावलाने होत नाही. हजारो पावलांची मिळून होते.

पाऊल कोठे पडते?

घाईने धावणारा मुलगा बहुधा लांब ढांग टाकतो. त्याचे पाऊल शरीराच्या बरेच पुढे, जवळजवळ ताठ गुडघ्याने पडते. अशा वेळी जमिनीचे बल त्याला वर ढकलतेच, शिवाय मागेही ढकलते. प्रत्येक पावलाला जणू तो थोडा ब्रेक लावतो. ताठ गुडघा स्प्रिंगसारखा दबत नाही, त्यामुळे हिसका वर पोचतो.

यावर सोपा उपाय म्हणजे वेग तोच ठेवून पावले थोडी जलद व आखूड टाकणे. वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले दर मिनिटाची पावले. मिनिटाला १६० पावले, प्रत्येक १ मीटरचे, म्हणजे १६० मीटर. हाच वेग १६८ पावलांत राखायचा, तर पाऊल सुमारे ९५ सेंटिमीटरचे होईल. आता ते शरीराच्या खाली, किंचित वाकलेल्या गुडघ्याने पडते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘पावले वाढली, मग मारही वाढला ना?’ प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की पावलांचा दर १० टक्क्यांनी वाढवला तर गुडघ्याच्या वाटीमागचे कमाल बल सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे संख्या वाढूनही गुडघ्याचा फायदाच होतो.

हाँगकाँगचा प्रयोग

पण अशी सवय शिकवता येते का? आणि तिने दुखापती खरोखर टळतात का? हाँगकाँगमध्ये ३२० नवशिक्या प्रौढ धावकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना दोन आठवड्यांत आठ वेळा ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर धावायला लावले. एका गटासमोर पडदा होता. पाऊल किती जोराने पडते याचा आलेख त्यावर दिसे आणि ‘हळुवार उतरा’ एवढेच त्यांना सांगितलेले असे. दुसऱ्या गटाला असे काही दाखवले नाही. पुढच्या वर्षभरात शिकवलेल्या गटात शंभरात १६ जणांना, तर दुसऱ्या गटात शंभरात ३८ जणांना दुखापत झाली.

शिक्षकांनी या प्रयोगातील एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. शेवटच्या सत्रांमध्ये पडदा थोडा थोडा वेळ बंद ठेवत गेले. आलेख सतत दिसत राहिला असता, तर धावकांना त्याचीच सवय लागली असती. आधार हळूहळू काढून घेतल्याने कौशल्य अंगात मुरते, हा अनुभव आपल्याला पाढ्यांपासून हस्ताक्षरापर्यंत आहेच.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. शिकवलेल्या गटात गुडघा आणि तळव्याची दुखणी कमी झाली. पण पोटरीची आणि टाचेमागच्या घोडशिरेची दुखणी वाढली. भार नाहीसा झाला नव्हता. त्यातील काही भाग गुडघ्याकडून पोटरीकडे सरकला होता. धावण्याच्या कोणत्याही पद्धतीबद्दल हे खरे आहे: ती भार पुसत नाही, तो निराळा वाटते. ज्याच्याकडे नवा भार आला, त्या अवयवाला तयारीसाठी वेळ द्यावा लागतो.

तो न दिल्यास काय होते, हेही दिसले आहे. २०१० मध्ये हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनी दाखवले, की केनियातील अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या पायाला टाचेवरचा सुरुवातीचा हिसका बसत नाही. ते वाचून अनेकांनी जाड तळाचे बूट सोडून पातळ तळाचे घेतले. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत असा बदल करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. लहानपणापासून अनवाणी धावलेला पाय आणि दहा आठवड्यांत अनवाणी व्हायला निघालेला पाय एक नव्हे.

मैदानावर करून पाहा

मैदानावर फक्कीने ४० मीटरची सरळ रेषा आखा. विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. एकाने बेताच्या वेगाने धावावे, दुसऱ्याने पावले व सेकंद मोजावेत. त्यावरून पावलाची लांबी आणि दर मिनिटाचा दर काढावा. मग दर पाच टक्क्यांनी वाढवून त्या तालावर हलगी किंवा टाळी वाजवावी आणि त्याच वेगाने पुन्हा धावायला सांगावे. काही फेऱ्यांनंतर ताल थांबवावा. पावले तशीच राहतात का ते पाहावे. सर्वांसाठी एकच आकडा ठरवू नये, कारण उंची आणि वेगानुसार तो बदलतो.

सूचना एका वेळी एकच द्यावी. ‘घोटा असा, गुडघा तसा, कोपर आत’ असे सांगितले तर मूल अडखळते. ‘पावलांचा आवाज कमी कर’ हे त्याला लगेच कळते, आणि आवाज ऐकून ते स्वतःच तपासू शकते.

मात्र ज्याला काही दुखत नाही, त्याचे धावणे उगाच बदलू नये. वरचे प्रयोग प्रौढांवरचे आहेत. वाढीच्या वयात गुडघ्याखाली आणि टाचेपाशी, जेथे कंडरा हाडाला जोडलेली असते, तेथील हाड अजून पक्के झालेले नसते. म्हणून आठवी-नववीच्या मुलांची तेथील दुखणी ‘आळस’ म्हणून झटकू नयेत. सराव कमी करावा, दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. भरतीची तयारी करणाऱ्यांनीही बदल करायचा तो परीक्षेच्या आदल्या महिन्यात नव्हे, बऱ्याच आधी आणि थोड्या अंतरापासून करावा.

वेळ मोजणारे घड्याळ सांगते, कोण पुढे आला. पुढच्या वर्षीही कोण धावत असेल, हे पावलांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.