दहा फुटांचा हौदा आणि महिन्याचा मेळा

सिंह राशीत गुरू वर्षभर असतो. त्या वर्षात सूर्य सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकचा मेळा भरतो आणि सूर्य मेषेत गेला की उज्जैनचा. पंचांगातली ही गोष्ट माळा, कुंकू, रुद्राक्ष आणि तांब्याचे लोटे विकणाऱ्यांच्या लेखी हंगामाचं वेळापत्रक असते. 2015 च्या पावसाळ्यात गोदाकाठचा धंदा आटोपला, की उरलेला माल बांधून ठेवायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात क्षिप्राकाठ गाठायचा. धुळे, शिरपूर, सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडून इंदूर आणि तिथून उज्जैन. साडेचारशे किलोमीटरच्या वरचा रस्ता.

2016 चा सिंहस्थ 22 एप्रिल ते 21 मे होता. त्या महिन्यातले काही दिवस मी नाशिकच्या पंचवटीतल्या एका विक्रेत्या जोडप्याबरोबर, म्हणजे काका-काकूंबरोबर, भैरवगढला राहिले. राहिलो ते गाडीत. त्यांची चारशेसात टेम्पो, जुनी, हौदा जेमतेम दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद. लॉजचं भाडं त्या महिन्यात कुणाच्याही आवाक्यात नव्हतं आणि धर्मशाळेत माल ठेवता येत नाही. मालापासून दूर झोपणारा विक्रेता सकाळी निम्मा माल गमावतो, हे काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यामुळे गाडीत राहणं ही काटकसर होतीच, पण धंद्याची गरजही होती.

भैरवगढ उज्जैनच्या उत्तरेला, उन्हेलच्या रस्त्यावर. इथे कालभैरवाचं देऊळ आहे, जिथे मद्याचा नैवेद्य असतो. महादजी शिंद्यांनी इथे पगडी वाहिली असं सांगतात आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याकडून देवाला पगडी येण्याचा रिवाज अजून आहे. पलीकडे नदीकाठी सिद्धवट, पुढे कालियादेह महाल आणि गावात छिपा कारागिरांची घरं. मेणाने नक्षी झाकून कापड रंगवायचं आणि मग उकळत्या पाण्यात मेण उतरवायचं, हे बाटिकचं काम इथे पिढ्यानपिढ्या चालतं. उज्जैनच्या बाटिकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंग नीट न चढलेल्या, स्वस्तात सुटणाऱ्या दोन चादरी काकूंनी तिथून घेतल्या आणि हौद्यात आडव्या बांधल्या. एक आडोशाला, एक उन्हाला.

गाडी लावायची जागा निवडताना काका तासभर पायी फिरले. गव्हाची कापणी झालेली शेतं मेळ्यासाठी मोकळी केली होती. मला सगळी सारखीच दिसली. काका म्हणाले, "पाणी पहिलं बघायचं ताई, मग जागा. टँकर कुठं थांबतो ते कळलं की अर्धं काम झालं." पाण्यानंतर त्यांनी जमिनीचा उतार पाहिला, मग संडास किती लांब आहेत ते, आणि मग कुठल्या वाटेने यात्रेकरू कालभैरवाकडे जातात ते. गाडी उभी केली ती केबिन पश्चिमेला आणि फाळका पूर्वेला करून. दुपारचं ऊन केबिनने खायचं, सावली मागे पडायची, आणि त्या सावलीत बसून माळा ओवायच्या. सकाळचं ऊन हौद्यात शिरायचं, पण तोवर सगळे उठून कामाला लागलेले असायचे.

हौद्याची मांडणी मी वहीत काढून घेतली होती. केबिनच्या बाजूला जड पोती: लोटे, रुद्राक्ष, चंदनाच्या खोडांचे तुकडे. त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, हाच पलंग. तुळशीच्या माळा हलक्या, म्हणून वर दोरीला टांगलेल्या. डाव्या कोपऱ्यात दोनशे लिटरचं निळं पिंप, दोरखंडाने दोन ठिकाणी आवळलेलं. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये आणि त्या कॅनला पिंपाचा मग लागू द्यायचा नाही, हा काकूंचा कायदा. पाच किलोचा गॅस कधीही हौद्यात पेटवायचा नाही. तो खाली, पुढच्या चाकाजवळ, पत्र्याच्या आडोशाला. गाडीच्या बॅटरीवर दिवा लावायचा नाही, कारण महिन्याने गाडी सुरू झाली पाहिजे. दिव्याला आणि मोबाइलला एक जुनी बॅटरी निराळी. ती रस्त्यावरच्या एका दुकानात चार्ज व्हायची, त्याबदल्यात दुकानदाराच्या घरच्या देव्हाऱ्याला एक रुद्राक्षमाळ गेली.

खरा झगडा उकाड्याशी. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जायचा आणि दुपारी हौद्याच्या पत्र्याला हात लावता येत नसे. यावर काकांनी दोन ताडपत्र्या वापरल्या होत्या. एक हौद्याच्या कमानींवर ताणून आणि दुसरी तिच्यावर वीतभर अंतर सोडून. मधली हवा वाहती राहते, वरची ताडपत्री तापली तरी खालची तितकी तापत नाही. वरच्या ताडपत्रीवर गोणपाट पसरायचं आणि दुपारी दोनदा भांडी धुतलेलं पाणी त्यावर शिंपडायचं. माळव्याची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे पाणी झरझर उडतं आणि आत गारवा जाणवतो. कोकणात हीच युक्ती फुकट गेली असती. रात्री मात्र या पठारावर वारा सुटतो आणि जीव शांत होतो. काका टपावर झोपायचे, आम्ही दोघी हौद्यात, फाळका अर्धा वर लावून.

आल्प्समध्ये किंवा कॅनडात बर्फाच्या हंगामात तरुण मुलंमुली अशीच व्हॅनमध्ये राहतात. स्कीइंग करायचं, तिथेच मिळेल ते काम करायचं, आणि डोंगरावरच्या खोल्यांचं भाडं परवडत नाही म्हणून गाडीतच मुक्काम. त्यांचं भांडण श्वासाच्या वाफेशी असतं. बंद गाडीत ती काचेवर आणि पत्र्यावर गोठते, सकाळी वितळून अंथरूण ओलं करते, म्हणून कडाक्याच्या थंडीतही खिडकीची फट उघडी ठेवावी लागते. ऋतू उलटा असला तरी अडचणी त्याच: गाडी रात्रभर कुठे उभी करू देतील, पाणी कुठून आणायचं, आंघोळ कुठे करायची. फरक एवढाच की ती मुलं हौसेने जातात आणि काका-काकूंना या महिन्याच्या कमाईवर वर्षाचा किराणा आणि मुलीची फी भागवायची होती.

जेवणाचा हिशेब कडक. दोघांत दिवसाला दोनशे रुपये, त्याच्या वर नाही. दुपारी कुठल्यातरी आखाड्याच्या अन्नक्षेत्रात पंगत मिळायची. सिंहस्थात हे अन्न कुणालाही विचारपूस न करता वाढलं जातं आणि त्यामुळे कितीतरी गरीब माणसं तो महिना तगतात. रात्री मात्र काकू स्वतः भाकरी थापायच्या. "रोज दोन्ही वेळ पंगतीला बसलं की हातपाय ढिले पडतात," असं त्या म्हणायच्या. मला त्यामागचा स्वाभिमान दिसत होता.

पाण्याचं काम पहाटे साडेतीनचं. त्या वेळी टँकरपाशी रांग लहान असते आणि अंधारात बायकांना आंघोळही उरकता येते. नदी दोनशे पावलांवर असूनही पिंपात तिचं पाणी कधी भरलं नाही. क्षिप्रा उत्तरेकडे वाहते. रामघाटावर लाखो लोकांनी बुड्या मारल्या की ते पाणी मंगळनाथावरून सिद्धवटाकडे येतं. 2014 पासून नर्मदेचं पाणी जलवाहिनीने क्षिप्रेत आणलं जातं, म्हणून त्या उन्हाळ्यात नदी भरलेली दिसत होती. ते स्नानासाठी ठीक. पिण्यासाठी नाही.

बायकांच्या अडचणींबद्दल बोललं पाहिजे, कारण पुरुषांच्या लिखाणात त्या येत नाहीत. तात्पुरते संडास होते, पण काकूंच्या वाटेवर दिवा नव्हता. त्यामुळे सूर्य मावळल्यावर त्या पाणी पिणं बंद करायच्या. बेचाळीस अंशांच्या दिवसानंतर! तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना उन्हाळी लागली, लघवीला जळजळ सुरू झाली. धने-जिऱ्याचं पाणी घेऊन त्या पथारीवर बसून राहिल्या. धंद्याचा एक दिवस बुडवणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

5 मेच्या दुपारनंतर वादळ आलं. गारा, वारा आणि तुफान पाऊस. मंगळनाथ भागातले मोठमोठे मंडप कोसळले आणि त्या दिवशी मेळ्यात किमान सात माणसं दगावली. काकांनी आधी वरची ताडपत्री कापून सोडून दिली. ती शिडासारखी फुगली असती तर गाडी कलंडली असती. आम्ही तिघं हौद्यात, फाळका लावून, टांगलेल्या माळांखाली बसलो होतो. शेजारच्या तंबूतली चार माणसं आमच्याकडे आली. काकूंनी कुणालाही न विचारता फळ्यांवरची सतरंजी गुंडाळली आणि सगळ्यांना जागा केली.

गाडी वाचली, पण माल भिजला. कुंकवाची पुडकी लाल चिखल झाली. त्याहून वाईट म्हणजे गव्हाचं ते शेत काळ्या मातीचं होतं. सुकलेलं असताना दगडासारखं, आणि एका पावसात मागची चाकं आसापर्यंत आत. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या फांद्या, गोणपाट आणि पलंगाच्या फळ्या चाकांखाली घालून, एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून मुरमाच्या वाटेवर आणली. शेतकऱ्याने पैसे घेतले नाहीत. 9 मेला अक्षय्य तृतीयेचं शाही स्नान होतं. त्याआधी वाहतूक बंद होणार म्हणून तीन दिवसांचा शिधा आणि पाणी भरून ठेवायचं होतं. रडायला वेळ नव्हता. काकूंनी ओल्या तुळशीमाळा उन्हात पसरल्या, वाळल्यावर एकेक मणी तपासला आणि ज्यांचा दोरा सडला होता त्या पुन्हा ओवल्या. 9 तारखेला संध्याकाळी पुन्हा वादळ झालं, तेव्हा गाडी कडक जमिनीवर होती.

मेळ्याची आखणी होते तेव्हा साधूंचे आखाडे, यात्रेकरू, पाहुणे आणि पोलीस यांच्यासाठी जागा ठरतात. गाडीत राहून मेळा चालवणाऱ्या या माणसांसाठी कुठल्याही नकाशात मी चौकोन पाहिला नाही. त्यांना रोज कुणीतरी हटकतं, गाडी पुढे घ्यायला सांगतं, आणि गाडी हलली की सावली, पाणी, गिऱ्हाईक सगळं नव्याने जमवावं लागतं.

2027 मध्ये नाशिकचा सिंहस्थ आहे आणि 2028 च्या उन्हाळ्यात उज्जैनचा. दोन्हीकडे जे कुणी आखणी करत आहेत, त्यांना माझी विनंती आहे: मुरूम टाकलेली थोडी कडक जमीन, एक नळ, बायकांच्या संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर दिवा आणि महिनाभर गाडी एका जागी उभी ठेवण्याचा लेखी परवाना, एवढं या लोकांसाठी राखून ठेवा. यातलं काहीही महाग नाही. फुकट द्यायचं नसेल तर वाजवी भाडं घ्या, ते देतील.