बंदुकीच्या गोळीला वाळूचं वेसण

जबलपूरचं अधारताल म्हणजे मातीची माणसं आणि तोफांची माणसं यांचा शेजार. राणी दुर्गावतीचा दिवाण आधारसिंह याच्या नावाचा इथला तलाव. जवळच १९६४ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ. त्याच शहरात १९०४ सालचा तोफगाड्यांचा कारखाना, तर खमरियाला दारूगोळ्याचा. इथल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटली. पण कारखान्यातून बाहेर पडणारी गोळी अडवायची कशानं? उत्तर साधं आहे : मातीनं आणि वाळूनं!

रायफलीची गोळी सेकंदाला सातशे ते नऊशे मीटर वेगानं सुटते. एवढ्या जोराची गोळी पोत्यातल्या वाळूत थबकते कशी? वाळूचा एकेक कण कठीण असतो, पण एकमेकांना चिकटलेला नसतो. गोळी घुसताच कण एकमेकांवर घासतात, पुढच्या कणांना ढकलतात आणि धक्का चहूकडे वाटला जातो. गोळी डळमळते, आडवी होते, कधी तिचे तुकडेही होतात. कोरड्या वाळूचा दीड फुटाचा थर रायफलीच्या गोळीला सहसा पुरतो.

मातीचं गणित मात्र वेगळं. ओल्या, चिकण मातीत गोळी लोण्यात सुरी जावी तशी घुसते. म्हणून तिथं थर कितीतरी जाड लागतो. पोती रचतानाही विटांसारखा सांधा मोडून रचतात, म्हणजे फट उरत नाही. एकाच जागी गोळ्या लागत राहिल्या, तर पोतं फाटून वाळू गळते. तेव्हा पोती बदलण्याला पर्याय नसतो. चांदमारीच्या मैदानात निशाणामागे मातीचा उंच बांध घालतात, तोही याच कारणासाठी.

ही युक्ती आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती. १८०५ साली यशवंतराव होळकर भरतपूरच्या राजाच्या आश्रयाला होते. जनरल लेकनं किल्ल्यावर चार वेळा हल्ला चढवला. पण मातीच्या जाड तटात तोफांचे गोळे रुतून बसायचे! चारही हल्ले फसले आणि इंग्रजांची हजारो माणसं मेली किंवा जखमी झाली.

आजही सीमेवरच्या जवानाचा जीव याच पोत्यांच्या आडोशाला सुरक्षित राहतो. आपण मात्र एक ध्यानात ठेवायला हवं. सिनेमात नायक मोटारीच्या दाराआड किंवा उलट्या टेबलामागे लपतो आणि बचावतो. प्रत्यक्षात पातळ पत्रा आणि फळी रायफलीच्या गोळीला अडवू शकत नाहीत. लग्नाच्या वरातीत हौसेनं झाडलेली गोळीही शेजारच्या घराचं दार भेदून आत शिरू शकते. तिथं कुणी वाळूची पोती रचून ठेवलेली नसतात. तेव्हा अशा हौसेला वेळीच आवर घातलेला बरा!